दहा प्रिन्सिपल्स पाठ झाली, आता जमालपूरला चल

प्रश्न काय आलाय ते आधी सांगतो. पोरगा सीडीएसची, म्हणजे सैन्यात ऑफिसर व्हायच्या परीक्षेची तयारी करतोय, प्रिन्सिपल्स ऑफ वॉर, म्हणजे युद्धाची तत्त्वं, दहाच्या दहा पाठ केलीत, आणि त्याचं म्हणणं असं की सर, हे सगळं वाचून झाल्यावर सुविचारांच्या फळ्यासारखं वाटतं, उद्दिष्ट ठरवा, शत्रूला चकवा, मनोबल टिकवा, हे तर गल्लीतल्या कबड्डीच्या टीमचा कॅप्टनपण सांगेल. मग एवढी डॉक्ट्रिन-डॉक्ट्रिन काय करतात, ते कुलुपात ठेवलेलं पुस्तक असतं का, आणि आता ड्रोनच्या जमान्यात त्याचा उपयोग काय.

प्रश्न चांगला आहे. मी पायदळात बावीस वर्षं काढली, त्यातली तीन महूला शिकवण्यात गेली, आणि खरं सांगायचं तर पहिली पाच-सहा वर्षं माझंपण हेच मत होतं. परीक्षेपुरतं पाठ करायचं, पेपरात ओळीने उतरवायचं आणि विसरायचं.

कुलुपाचं आधी उरकतो. प्लॅन गुप्त असतात, डॉक्ट्रिन बहुतेक उघडी असते. आपल्या आर्मीने २००४ साली डॉक्ट्रिन जाहीर केली, २०१८ च्या डिसेंबरात लँड वॉरफेअर डॉक्ट्रिन आली, ती तर बारीकशी पुस्तिका आहे, चहा पिता पिता वाचून होते. हे काम बघते आर्मी ट्रेनिंग कमांड, १९९१ ला महूला उभी राहिली आणि १९९३ ला सिमल्याला गेली. डॉक्ट्रिन म्हणजे हुकूम नव्हे. अमक्या टेकडीवर अमक्या वाजता चढा हा हुकूम. टेकडीवर चढायचं म्हटल्यावर आपल्यातला प्रत्येक माणूस साधारण कसा विचार करेल, कुठले प्रश्न कुठल्या क्रमाने विचारेल, ही डॉक्ट्रिन. समज तू पंजाबात ट्रेनिंग घेतलंस आणि तुझ्या शेजारच्या कंपनीचा कमांडर नागालँडमधून आलाय, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा भेटताय, आणि रात्री दोन वाजता वायरलेस बंद पडला, तरी तो आता काय करत असेल ह्याचा तुला अंदाज लागतो, कारण दोघंही एकाच रीतीने विचार करायला शिकलायत. एवढंच काम आहे त्याचं, पण ते फार मोठं काम आहे.

आता ती यादी. ती काही वेदात लिहिलेली नाही. फुलर नावाचा एक ब्रिटिश स्टाफ ऑफिसर, पहिल्या महायुद्धात त्याने जुन्या मोहिमा चाळून त्यातून थोडी तत्त्वं काढली, १९२० च्या ब्रिटिश फील्ड सर्व्हिस रेग्युलेशन्समध्ये तशी आठ छापली गेली, पुढे ती दहा झाली आणि आपल्याकडे वारशाने आली. अमेरिकन लोक नऊ मोजतात, त्यांच्यात सिम्प्लिसिटी आणि युनिटी ऑफ कमांड वेगळी आहेत आणि मनोबल यादीतच नाही. म्हणजे आकड्यावर जाऊ नकोस. इंटरव्ह्यूमध्ये दहा धडाधड म्हणून दाखवणारे रोज शंभर येतात.

खरी गोम अशी आहे की ही तत्त्वं एकमेकांशी भांडतात. हे पुस्तकात स्पष्ट कुणी लिहीत नाही. सगळं बळ एका जागी जमव असं एक तत्त्व सांगतं, दुसरं सांगतं बाकीच्या बाजू उघड्या टाकू नकोस. चकवायचं तर झटकन जायला पाहिजे, आणि रसद म्हणते अजून चार दिवस थांब, दारूगोळा आला नाहीये. उद्दिष्ट सोडू नकोस हे पहिलं कलम आणि लवचीक राहा हे आणखी खाली कुठेतरी. दहाही एकदम कुणालाच पाळता येत नाहीत. कुठलं कधी सोडायचं आणि सोडल्याची किंमत कुठे भरायची, कमांडरचा पगार त्याच्यासाठी असतो. सुविचाराच्या फळ्यात आणि ह्यात हा फरक आहे बघ, फळ्यावरचे सुविचार एकमेकांचे पाय ओढत नाहीत.

नुसतं बोलून कळणार नाही, एक लढाई घेऊ. मी वर्गात नेहमी जमालपूर घ्यायचो, एकतर मराठा पलटणीची आहे म्हणून जीव जास्त, आणि दुसरं म्हणजे लहान आहे, हातात मावते.

१९७१, डिसेंबर. नकाशा डोळ्यासमोर आण. उत्तरेला मेघालयाचे डोंगर, खाली बांगलादेशची सपाट जमीन, तेव्हाचं पूर्व पाकिस्तान. आपली ९५ माउंटन ब्रिगेड, ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर, उत्तरेकडून खाली येतेय. वाटेत जमालपूर, आणि जमालपूर आहे जुन्या ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण काठावर. म्हणजे आपण नदीच्या अलीकडे आणि शत्रू पलीकडे, पाणी मध्ये. आत पाकिस्तानची ३१ बलुच पलटण, कमांडर लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद, माणूस खमक्या, मोर्चे पक्के, दारूगोळा भरपूर. आणि जमालपूरहून दक्षिणेला एक रस्ता निघतो, टांगाईलवरून थेट ढाक्याला.

आता सांग, उद्दिष्ट काय?

वर्गात दहातले सात जण म्हणतात जमालपूर जिंकणे. तिथेच चुकलास. ब्रिगेडला जमालपूर कशाला पाहिजे होतं? ब्रिगेडला ढाक्याकडे जायचं होतं, आणि ही बलुच पलटण मागे सरकून ढाक्याच्या बचावात जाऊन बसू द्यायची नव्हती. म्हणजे घ्यायचा होता तो रस्ता. गाव आपोआप येणार होतं. उद्दिष्टाचा एक शब्द बदलला की पुढची सगळी लढाई बदलते, म्हणून ते यादीत पहिलं. जमालपूर जिंकणे असं लिहिलंस तर नदी ओलांडून समोरून धडक, तीपण पक्क्या मोर्च्यांवर, म्हणजे शे-दोनशे माणसांचा बळी. रस्ता तोडणे असं लिहिलंस तर डोकं आपोआप विचारायला लागतं की नदी दुसरीकडे कुठे ओलांडता येईल.

आणि हे शहाणपण ब्रिगेडने फुकट नाही मिळवलं बरं का. ह्याच रस्त्यावर वर सीमेला लागून कमालपूर नावाची एक चौकी होती, ह्याच ३१ बलुचची माणसं, कॅप्टन एहसान मलिक म्हणून तरणा ऑफिसर. त्या एवढ्याशा चौकीने आपल्याला दिवसेंदिवस अडकवून ठेवलं, ४ डिसेंबरला ती पडली. शत्रूचा असला तरी त्या पोराचं कौतुक खुद्द आपले लष्करप्रमुख माणेकशॉंनी केलं. बचावातल्या माणसाचा निर्धार असेल आणि मोर्चा नीट खणलेला असेल तर समोरून जाणं किती महाग पडतं ते ब्रिगेडला तिथे कळलं.

मग जमालपूरला काय केलं, समोर थोडं बळ ठेवून त्यांना गुंतवलं, विमानांनी झोडपत ठेवलं, आणि १ मराठा लाइट इन्फंट्री, आपली जंगी पलटण, १७६८ ची, लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रारच्या हाताखाली नदी बाजूला ओलांडून गावाच्या दक्षिणेला जाऊन बसली. गावठी होड्या, बैलगाड्या, मुक्तिवाहिनीची, म्हणजे बांगलादेशासाठी लढणारी स्थानिक पोरं वाटाड्या म्हणून. बैलगाडी म्हटल्यावर वर्गात नेहमी कुणीतरी हसायचा, मी म्हणायचो हस, पण मोर्टारचे बॉम्ब चिखलातून डोक्यावर वाहून बघ एकदा. रस्त्यावर रोडब्लॉक लावला, खंदक खणले, तोंड उत्तरेकडे. म्हणजे आपली पलटण शत्रू आणि ढाका ह्यांच्या मध्ये. पण हेही लक्षात घे की त्यांच्या पाठीमागेही शत्रूचाच मुलूख. एका बाजूला बळ जमवलं आणि दुसऱ्या बाजूची सुरक्षा पातळ केली. मगाशी भांडण म्हणालो ते हे.

ह्या टप्प्यावर तो प्रसिद्ध पत्रव्यवहार. क्लेरने सुलतानला चिठ्ठी पाठवली, एका स्थानिक माणसाच्या हाती, सायकलवर पांढरं निशाण लावून, की बाबा तू घेरला गेलायस, शरण ये. सुलतानचं उत्तर आलं ते गोळी गुंडाळून, आशय असा की अजून लढाई सुरूच कुठे झालीय, पुढच्या भेटीत तुझ्या हातात पेनाऐवजी स्टेनगन दिसू दे. असा शत्रू भेटायलापण नशीब लागतं. पण चिठ्ठी वाया गेली असं समजू नकोस. आपण घेरले गेलोय हे त्याच्या कानावर गेलं, आता तो बसून राहणार नाही, बाहेर पडायला बघणार, आणि बाहेर पडायला रस्ता एकच.

तसंच झालं. १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री बलुच त्या रस्त्याने दक्षिणेला निघाले आणि मराठ्यांच्या रोडब्लॉकवर आले. मराठ्यांनी फायर रोखून धरला. हे वाक्य वाचायला दोन सेकंद लागतात, पण तू स्वतःला तिथे ठेवून बघ. डिसेंबरातली थंडी, काळोख, खंदकात गुडघ्यापर्यंत ओल, समोरून पावलांचा आवाज येतोय, बोलणं ऐकू येतंय, तू वीस वर्षांचा सातारचा नाहीतर कोल्हापूरचा पोरगा, बोट ट्रिगरवर, आणि हुकूम येईपर्यंत दाबायचं नाही. एकाने जरी घाबरून एक गोळी झाडली तर चकवा संपला, पुढचे आडवे होणार, मागचे शेतातून पसार होणार. मनोबल मनोबल म्हणतात ते छाती फुगवून घोषणा देण्यात नसतं, ह्या दाबून धरलेल्या बोटात असतं. शेजारच्या खंदकातला दाबणार नाही ह्याची खात्री असते म्हणून हा दाबत नाही. ती खात्री वर्षानुवर्षं एकत्र रगडून घेतल्यावर येते, भाषणाने येत नाही.

जवळ आल्यावर हलक्या-मध्यम मशीनगन, म्हणजे एलएमजी, एमएमजी, आणि मोर्टार, सगळं एकदम. ते रात्री पुन्हापुन्हा येत राहिले, हिमतीत कमी नव्हते, पण फुटू शकले नाहीत. फार मोठं नुकसान झालं त्यांचं. स्वतः सुलतान काही माणसं घेऊन निसटला, बाकीचं ठाणं सकाळी शरण आलं. आता हिशोब कर. पक्क्या मोर्च्यातला शत्रू, त्याला आपण मोर्च्यातून बाहेर काढलं, आणि उघड्यावर तो आपल्या मोर्च्यांवर चालून आला. रोडब्लॉक टाकून अख्खं गणित उलटं केलं. मोहीम आपली चढाईची, पण प्रत्यक्ष गोळीबाराच्या रात्री आपण बचावात होतो. यादीतलं ऑफेन्सिव्ह ॲक्शन, म्हणजे चढाई, हे सतत धावत सुटणं नव्हे, पुढे काय होणार हे आपण ठरवणं आणि शत्रूला त्यावर नाचायला लावणं.

आपल्याला हे काही नवीन नाही. १७२८ ला पालखेडला बाजीरावाने निजामाशी हेच केलं. निजाम पुण्यावर आला तर हा पुणे वाचवायला धावत आला नाही, निजामाच्याच मुलखात धिंगाणा घातला, त्याला मागे ओढला, जड तोफांपासून तोडला आणि पाणी-चारा बंद करून पालखेडच्या आसपास कोंडला. मोठी लढाई म्हणावी अशी झालीच नाही आणि मार्चात मुंगी-शेवगावचा तह. एक सांगतो, आपल्याकडे काही झालं की गनिमी कावा म्हणून मोकळे होतात. कावा म्हणजे नुसतं लपूनछपून मारणं नाही रे. बाजीरावाला कुठे लपायचं होतं, त्याला निजामाला हवी ती लढाई द्यायची नव्हती.

परत १९७१ ला येतो, कारण जमालपूर एकटं नव्हतं. ११ तारखेलाच संध्याकाळच्या सुमाराला टांगाईलच्या उत्तरेला आपली २ पॅरा ही पलटण पॅराशूटने हवेतून उतरली. सुमारे सातशे माणूस. काम काय, तर पूंगली पूल धरायचा, म्हणजे मैमनसिंग आणि जमालपूरहून मागे सरकणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडायची. उतरताना माणसं आणि सामान बरंच पांगलं, गावकऱ्यांनी गोळा करायला मदत केली. आणि दुसऱ्या दिवशी जमालपूरहून निघालेली १ मराठा त्यांना येऊन मिळाली. गंमत बघ, २ पॅरा म्हणजे मूळची ३ मराठा, १९५२ ला पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेलेली. म्हणजे दोन मराठा पलटणी ढाक्याच्या रस्त्यावर एकमेकींना भेटल्या. गळाभेटी झाल्या असतील, मी नव्हतो, माझा तेव्हा जन्मपण नव्हता.

पण इथे तू मिठ्यांकडे बघू नकोस, चोवीस तासांकडे बघ. हवेतून उतरलेल्या पलटणीकडे किती दारूगोळा असतो? पाठीवर असेल तेवढा. तिचं आयुष्य जमिनीवरून येणाऱ्या दोस्तांच्या वेगावर मोजतात. सप्टेंबर १९४४, हॉलंड, आर्नेम. ब्रिटिश पहिली एअरबोर्न डिव्हिजन, सुमारे दहा हजार माणूस, ऱ्हाइनच्या पुलासाठी शंभर किलोमीटर पुढे टाकली, आणि त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं, तर ३० कोअरने एकाच रस्त्याने रणगाडे घेऊन. रस्ता तुंबला, एक पूल उडाला, दोन दिवसांचं काम नऊ दिवसांत झालं नाही, आणि नदी ओलांडून परत आली अडीच हजारांच्या आत. त्या माणसांत धैर्याची कमी होती असं कुणी म्हणणार नाही, कल्पनापण धाडसी होती. हिशोब चुकला तो सहकार्याचा आणि रसदीचा. टांगाईलला हिशोब बरोबर बसला, कारण ९५ ब्रिगेड जमालपूरच्या मोर्च्यांवर डोकं आपटत बसली नाही. आता जोड ह्याला मगाशी सांगितलेल्या उद्दिष्टाशी.

उद्दिष्ट विरुद्ध लवचीकपणा हे भांडणही ह्याच मोहिमेत आहे. वरून आलेल्या मूळ आदेशात भर होता चितगाव आणि खुलना ह्या बंदरांवर, ढाक्याला कितपत जायचं होतं ह्यावर जुने ऑफिसर अजून हमरीतुमरीवर येतात. प्रत्यक्षात काय झालं, तर मोठी ठाणी बाजूला टाकून फौजा सरकत गेल्या, पूर्वेकडून आपल्या जनरल सगतसिंगांनी हेलिकॉप्टरने माणसं मेघनेपलीकडे टाकली, उत्तरेकडून हे आले, आणि १६ तारखेच्या सकाळी मिरपूर पुलापाशी २ पॅरा उभी. तेरा दिवस, त्र्याण्णव हजार युद्धकैदी. उद्दिष्ट धरून ठेवणं म्हणजे कागदाला चिकटणं नाही, त्यामागचं कारण पकडून ठेवणं. कारण माहीत असलं की कागद बदलला तरी माणूस भरकटत नाही. म्हणून तर ऑर्डर्स देताना काय करायचं ह्याच्याबरोबर कशासाठी करायचं हे सांगायचंच अशी शिस्त असते, सेक्शन कमांडरपर्यंत, लान्स नाईकपर्यंत.

बाकीची पटापट. एकवटलेलं बळ म्हटलं की कारगिल. तोलोलिंगवर मे १९९९ पासून पलटणी चढत होत्या, माणसं पडत होती, मेजर राजेश अधिकारी तिथेच गेले, कारण वरचा शत्रू बंकरात आणि आपण उघड्या उतारावर, तोफा पुरेशा नाहीत. १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने ते घेतलं तेव्हा मध्ये काय बदललं होतं? बोफोर्स आल्या होत्या, मोठ्या संख्येने तोफा एका शिखरावर लावल्या होत्या. सपाटीवर बचावाच्या तिप्पट माणूस लागतो असा जुना ठोकताळा आहे, डोंगरात सहापट, नऊपट, पण नुसता माणूस वाढवून भागत नाही, अरुंद धारेवर एका वेळी दहाच जण चढणार. तिथे बळ एकवटणं म्हणजे फायर एकवटणं. आणि एलओसी ओलांडायची नाही ही अट वरून होती, म्हणजे बगल मारायची सर्वात चांगली वाट बंद. राजकीय उद्दिष्ट असं लष्करी उद्दिष्टाच्या डोक्यावर बसलेलं असतं, कुरकुर करून उपयोग नाही.

चकवा गेला की काय होतं त्यासाठी श्रीलंकेतलं जाफना विद्यापीठ, ऑक्टोबर १९८७. हेलिकॉप्टरने माणसं उतरवून एलटीटीईच्या, म्हणजे तिथल्या तमिळ बंडखोरांच्या नेत्यांना उचलायचं होतं, त्यांना आधीच सुगावा लागला होता. १३ सिख लाइट इन्फंट्रीची जी एक प्लाटून उतरली त्यातला एक जण जिवंत राहिला. ह्यावर जास्त लिहवत नाही.

आणि आता ज्याला परीक्षेत सगळे शेवटी चार ओळी लिहितात ते, ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे रसद. माझ्या मते उद्दिष्टाखालोखाल हेच. आपल्या भाषेत पानिपत झालं म्हणतो ना, ते पानिपत रणांगणावर १४ जानेवारी १७६१ ला झालं, पण त्याच्या आधी दोन-अडीच महिने ते भाकरीवर होत होतं. रसदेच्या वाटा तुटल्या, लढणाऱ्यांबरोबर न लढणारी माणसं प्रचंड, उपासमार, आणि शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून बाहेर पडले. शत्रूने निवडलेल्या वेळी लढावं लागलं. १९६२ च्या चीन युद्धातलं नामका चू तर आपल्या सिलॅबसमध्येच पाहिजे. ब्रिगेडियर जॉन दळवींची ७ ब्रिगेड एका ओढ्याच्या काठाने पसरलेली, डोक्यावर थागला रिजवर चिनी, अंगावर अनेकांच्या सुती कपडे, रस्ता नाही, सगळं विमानातून टाकायचं, टाकलेल्यातलं निम्मं दरीत. आणि हुकूम काय, तर चिन्यांना हुसकून लावा. ते उद्दिष्ट म्हणायचं का? उद्दिष्ट म्हणजे हातातल्या साधनांनी होऊ शकेल अशी गोष्ट, नाहीतर तो नुसता मनोरथ. २० ऑक्टोबरच्या सकाळी काही तासांत ब्रिगेड संपली. ह्याच्या उलट १९७१ ला माणेकशॉंनी एप्रिलमध्ये नाही म्हणून सांगितलं, पावसाळा येतोय, तयारी नाही, मला वेळ द्या. ते सात-आठ महिने त्रिपुरासारख्या कोपऱ्यात रस्ते सुधारून रसद साठवण्यात गेले, त्याच्यावर सिनेमा कोण काढणार. पण तेरा दिवस त्या महिन्यांच्या जिवावर आहेत.

डॉक्ट्रिन बदलते का विचारलंस. ठेच लागली की बदलते. डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, सीमेवर फौज जमवायचं ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, आणि मथुरा, अंबाला, भोपाळकडच्या अवजड स्ट्राइक कोअर, म्हणजे चढाईसाठीच्या मोठ्या फौजा, सीमेवर पोचून तयार व्हायला तीन आठवडे लागले. तोवर जगभरचे मध्यस्थ दिल्लीत येऊन गेले, चकवा गेला, वेळ गेली. त्यातून २००४ ला ती कोल्ड स्टार्टची कल्पना निघाली, लहान, आधीपासून पुढे असलेल्या तुकड्या, आणि आता इंटिग्रेटेड बॅटल ग्रुप म्हणतात ते. तत्त्वं तीच, चकवा आणि वेग, फक्त त्यासाठी घर नव्याने मांडायला लागलं.

ड्रोनचंही तसंच. फेब्रुवारी-मार्च २०२२ ला कीव्हच्या उत्तरेला रशियन गाड्यांची साठेक किलोमीटरची रांग उपग्रहातून सगळ्या जगाने पाहिली. अडकली कशाने? इंधन, चिखल, उडवलेले पूल, बंद पडलेल्या गाड्या, बाजूंना संरक्षण नाही, आणि वर युक्रेनच्या पोरांचे हल्ले. ड्रोनने सुरक्षेचा अर्थ बदललाय हे खरं, पूर्वी जाळी टाकून झाडाखाली गाडी उभी केली की झालं, आता इंजिन गरम असलं तरी दिसतं, मोबाइल चालू असला तरी दिसतो. बळ एका मैदानात जमवलंस तर तासाभरात मार बसेल, म्हणून माणसं पांगलेली ठेवायची आणि फायर एकत्र आणायचा. पण लक्षात घे, हे मी तुला सांगतोय ते शब्द कुठले वापरून सांगतोय? सुरक्षा, एकवटणं, चकवा. भांडणं तीच आहेत, भांडणाची जागा बदललीय.

शेवटी माझी एक फजिती सांगतो, कारण तुझा खरा प्रश्न हे शिकायचं कसं असा आहे. कंपनी कमांडर होतो, वाळवंटातला सराव. एक उंचवटा घ्यायचा होता, नावालाच टेकडी. मी झकास प्लॅन केला, लांबून वळसा, रात्री तीनचा एच-अवर, म्हणजे हल्ल्याची ठरलेली वेळ, कव्हरिंग फायर, सगळं. टेकडी घेतली, अगदी वेळेत. दंडाला पांढरी पट्टी बांधलेला अंपायर बघत उभा. मी खूश. तेवढ्यात आमचे सुभेदार साहेब जवळ आले, सैदापूरकडचे, बोलणं कमी, कॅन्टीनच्या स्टीलच्या मगमधून एक घोट घेतला आणि मग उलटा करून दाखवला. म्हणाले, "साहेब, टेकडी तर घेतली. पाणी?"

पाण्याचे जेरीकॅन खाली एफयूपीवर, म्हणजे हल्ल्याआधी रांग लावायच्या जागी राहिले होते. ए एशलॉनची, म्हणजे पलटणीमागून सामान आणणारी गाडी वर आणायला वाटाड्याच नेमला नव्हता मी. गाडी रात्रभर दुसऱ्याच टेकडीभोवती फिरत होती. रीऑर्गसाठी, म्हणजे घेतलेली जागा टिकवायला, खोदायला लावलं तर फावडीपण त्याच गाडीत. उजाडता उजाडता समोरच्याने काउंटर ॲटॅक केला आणि अंपायरने शांतपणे माझ्या कंपनीतले पासष्ट जण मेले म्हणून वहीत लिहिले. पासष्ट माणसं बाजूला जाऊन बसली आणि विड्या काढल्या, मला बघून विझवल्या. डीब्रीफमध्ये मला काही फार बोलले नाहीत, दहा तत्त्वांपैकी शेवटचं कुठलं एवढंच विचारलं.

म्हणून तू आता असं कर. तुझ्या गावाची सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट ऑनलाइन मिळते, ती घे. गावाजवळची एक टेकडी निवड, जिच्यावर तू चढलायस. वर दहा माणसं मोर्च्यात आहेत असं धर, तुझ्याकडे एक प्लाटून, तीस-बत्तीस जण. ब्रिगेड काढू नकोस, सगळे पहिल्याच दिवशी ब्रिगेड काढतात. एका ओळीत उद्दिष्ट लिही, त्याच्याखाली कशासाठी ते लिही. मग तू कुठलं तत्त्व सोडलंस आणि त्याची भरपाई कुठे केलीस ते लिही. दोन पानांच्या वर नको. मला पाठव, मी बघतो, लाल पेनने बघतो हे आधीच सांगून ठेवतो. आणि पाणी कोण, कुठून, किती वाजता वर आणणार, ते पहिल्या पानावर पाहिजे.